राजोडीत रिसेप्शन: आधी आवाज ठरवा, मग गाणी

लग्नाची तारीख पक्की झाली की हॉल, जेवण, कपडे, पत्रिका यांच्या याद्या घरोघरी सुरू होतात. संगीताची पाळी बहुधा शेवटच्या पंधरवड्यात येते आणि ‘डीजेला सांगितलंय’ एवढ्यावर मिटते. मग रिसेप्शनच्या संध्याकाळी नवरा-नवरीने हौसेने जमवलेली गाणी बाजूला राहतात आणि डीजे आपली नेहमीची यादी वाजवतो. वडीलधारी मंडळी स्पीकरपासून लांब खुर्च्या सरकवतात आणि वर्षांनी भेटलेल्या नातेवाइकांना एकमेकांशी धड बोलताही येत नाही. थोडा आधी विचार केला तर हे सगळं टाळता येतं.

अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव या वसईच्या किनारपट्टीवरच्या रिसॉर्टांत आणि लॉनवर आता बाहेरगावची लग्नंही होतात. त्यामुळे राजोडीतल्या रिसेप्शनला सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी, आगरी अशी गावची माणसं असतात, तसेच मुंबईहून लोकलने आलेले ऑफिसातले सहकारीही असतात. आजीला कोळीगीत हवं असतं, काकांना जुनं हिंदी गाणं, भाच्याला रॅप आणि नवरीच्या मैत्रिणींना इंग्रजी. प्रत्येक गाणं सगळ्यांना आवडावं असा प्रयत्न केला तर कोणालाच काही आवडत नाही. प्रत्येकाला आपल्या वाट्याचा थोडा वेळ मिळावा आणि उरलेल्या वेळी त्याचे कान सुखरूप राहावेत, हे मात्र नक्की साधतं. या लेखातला सगळा सल्ला या एका सूत्रावर उभा आहे.

तीन प्रसंग, तीन संगीतं

पहिली गोष्ट म्हणजे सगळी हौस रिसेप्शनच्या साडेतीन तासांत कोंबू नका. आपल्याकडे लग्नाचं संगीत मुळातच वाटून दिलेलं आहे. हळदीची रात्र नाचाची असते. आगरी-कोळी घरांत धवलारीण धवले (लग्नगीतं) गाते, बेंजो पार्टी येते आणि अंगणात पहाटेपर्यंत पाय थांबत नाहीत. वसईच्या ख्रिस्ती घरांतही लग्नाच्या आदल्या दिवसांत बायका आपल्या बोलीतली परंपरेची गाणी म्हणतात. विधीच्या वेळी सनई-चौघडा आणि मंगलाष्टकं, किंवा चर्चमध्ये मिस्साची गीतं. मिस्साची गीतं धर्मगुरू आणि गायकवृंद यांच्याशी बोलूनच ठरवायची असतात, तिथे सिनेमातलं गाणं आणण्याचा आग्रह धरू नये. रिसेप्शन येतं ते या सगळ्यानंतर.

म्हणून तिन्ही प्रसंगांची गाणी एकाच बैठकीत, एकाच कागदावर लिहा. हळदीला जे दणकून वाजणार आहे ते रिसेप्शनला पुन्हा तासभर कशाला? हळदीला येणारे घरचे आणि शेजारचे असतात. रिसेप्शनला साहेब, शिक्षक, व्याही आणि दूरचे पाहुणे येतात. त्यांना मुख्यतः तुम्हाला भेटायचं असतं, आशीर्वाद द्यायचे असतात, चार माणसांशी बोलायचं असतं. त्या संध्याकाळी संगीताने गप्पांना जागा द्यायची आणि नाचाला ठरावीक वेळ.

जागा पाहाल तेव्हा कान उघडे ठेवा

हॉल किंवा लॉन पसंत करताना आपण सजावट, पार्किंग, स्वयंपाकघर पाहतो. त्याच फेरीत आवाजाचाही विचार करा. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे स्पीकरपासून ५ मीटरवर ९५ डेसिबल असेल, तर १० मीटरवर ८९, २० मीटरवर ८३, ४० मीटरवर ७७ आणि ८० मीटरवरच्या घरात अजूनही ७१ राहतो. दोनच मोठे स्पीकर स्टेजच्या बाजूला लावून मागच्या पंगतीपर्यंत आवाज पोचवायचा म्हटलं, तर पुढच्या रांगेतल्या माणसांना तो असह्य होणारच. त्याऐवजी मध्यम आकाराचे चार-सहा स्पीकर जागोजाग लावा आणि प्रत्येकाचा आवाज कमी ठेवा. नाचाच्या जागेपुरतेच जोरदार स्पीकर ठेवा आणि त्यांचं तोंड नाचणाऱ्यांकडे करा.

किनाऱ्यावर वाऱ्याचाही हिशोब असतो. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वारं वाहतं आणि वाऱ्याच्या दिशेने आवाज लांब जातो. म्हणजे लॉनवरचा आवाज वस्तीकडेच ढकलला जातो. शक्य असेल तर स्पीकरची पाठ गावाकडे आणि तोंड समुद्राकडे येईल अशी मांडणी करून घ्या. मध्ये सुरूची झाडं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, झाडांच्या एक-दोन ओळींनी आवाज फारसा अडत नाही. त्यातही बेस चारी दिशांना पसरतो आणि भिंतींतून आत शिरतो. शेजारच्या घरातलं तान्हं मूल किंवा आजारी माणूस दचकतं ते बेसमुळे. बेसचे खोके निम्मे करायला सांगितले तरी नाच थांबत नाही आणि गाण्याचे शब्द उलट अधिक स्पष्ट होतात.

कानांची मर्यादाही लक्षात ठेवा. श्रवणतज्ज्ञांच्या प्रचलित हिशोबाने ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, ९४ डेसिबलचा एक तास आणि १०० डेसिबलचा फक्त पंधरा मिनिटं सोसावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सुचवलेली कमाल मर्यादाही १०० डेसिबल सरासरीची आहे. मोबाइलवर डेसिबल मोजणारी ॲप मिळतात. त्यांचं माप तंतोतंत नसतं, पण अंदाज येतो. जेवणाच्या टेबलापाशी ७० च्या आसपास आणि नाचाच्या जागी ९० च्या खाली, एवढं ठरवून घेतलं तरी पुरे. वय झालं की गोंगाटातून शब्द वेगळे काढणं कानाला जड जातं, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर गोंगाटही मोठा होऊन ऐकू येतो. आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या बाळांच्या आयांच्या खुर्च्या स्पीकरपासून दूर, दाराजवळ आणि प्रसाधनगृहाच्या सोयीने ठेवा.

दहाचा ठोका

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृह आणि बँक्वेट हॉल यांना आतल्या आत सूट आहे, मात्र मांडव घातलेलं लॉन बंदिस्त ठरत नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. राज्य सरकार वर्षातून पंधरापेक्षा जास्त नाहीत एवढ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं, पण ती सणांसारख्या सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगांसाठी. तुमच्या लग्नाची तारीख त्यात बसेल असं धरून चालू नका. ध्वनिक्षेपकाची परवानगी कोण काढणार, जागेचा मालक की तुम्ही, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा आणि परवानगीच्या कागदाची प्रत हाताशी ठेवा.

गाण्यांच्या हक्कांचाही प्रश्न कधी कधी निघतो. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला सूट आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळेही येतात. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ च्या सूचनेत हेच सांगितलं. पुढे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने याच विषयावरचं गोवा सरकारचं परिपत्रक रद्द केलं. कायद्यातलं कलम मात्र जागेवर आहे. हॉलवाला परवान्याचे पैसे मागतो का, मागत असेल तर कशाच्या आधारावर, हे हॉल ठरवतानाच लेखी घ्या, म्हणजे ऐन दिवशी वाद होणार नाही.

संध्याकाळचे तुकडे पाडा

दहाला बंद करायचं म्हणजे सुरुवात वेळेवर हवी. मुंबईकडच्या पाहुण्यांना रिक्षा किंवा बसने नालासोपारा, विरार गाठून लोकल पकडायची असते, त्यातले पुष्कळजण नऊ-साडेनऊला उठतात. लॉनवरच्या रिसेप्शनसाठी पुढचा आराखडा वापरून पाहा.

साडेसहा ते साडेसात: पाहुणे येण्याची वेळ. इथे शब्द असलेली गाणी टाळा. बासरी, संतूर, सॅक्सोफोन किंवा गिटारवर वाजवलेल्या जुन्या मराठी-हिंदी चाली लावा. ओळखीची चाल ऐकून माणूस खुलतो आणि शब्द नसल्यामुळे बोलण्यात अडथळा येत नाही. आवाज इतकाच, की शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावं.

साडेसात ते आठ: नवरा-नवरीचा प्रवेश. हा वेळ पूर्णपणे तुमचा. आवडीचं गाणं कितीही वेगळं असलं तरी इथे वाजवा. ख्रिस्ती रिसेप्शन असेल तर केक, टोस्ट आणि दोघांचा पहिला नाच याच अर्ध्या तासात येतो. पहिल्या नाचासाठी वॉल्ट्झ हवा असेल तर तीन मात्रांची लय असलेलं गाणं निवडा आणि घरी चार वेळा नाचून पाहा. दोन मिनिटं पुरतात, त्यानंतर आईवडिलांना आणि भावंडांना आत बोलवावं.

आठ ते पावणेनऊ: शुभेच्छा आणि जेवण. स्टेजपुढच्या रांगेत माणसं अर्धा-अर्धा तास उभी असतात, आणि या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. इथे भावगीतं, जुनी हिंदी द्वंद्वगीतं, संथ इंग्रजी आणि कोंकणी गाणी शोभतात. पेटी, तबला किंवा कीबोर्ड आणि दोन गायक एवढा संच परवडत असेल, तर त्याला याच वेळेत बसवा.

पावणेनऊ ते पावणेदहा: नाच. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

पावणेदहा ते दहा: शेवटची दोन-तीन गाणी सगळ्यांची. गोवेकर आणि मुंबईकर कॅथलिक लग्नांत जलद चालींची जी ‘मसाला’ माळ वाजते ती इथे छान बसते. नाहीतर जोडून वाजवलेली कोळीगीतं घ्या. दहाला पाच कमी असताना सूत्रसंचालकाने आभार मानावेत आणि संगीत हळूहळू उतरवावं. पोलीस येऊन बंद करण्यापेक्षा आपण बंद केलेलं चांगलं.

बंदिस्त हॉल असेल तर हाच क्रम तासाभराने पुढे सरकवता येईल.

गाण्यांचा हिशोब

एक गाणं सरासरी साडेतीन ते चार मिनिटांचं धरा. तासाभराच्या नाचात पंधरा-सतराच गाणी बसतात. दोनशे गाण्यांची यादी डीजेच्या हातात दिलीत, तर निवड शेवटी तोच करणार. म्हणून वाटणी करा: नवरा-नवरीची पाच, मुलीकडची तीन, मुलाकडची तीन आणि उरलेली चार ते सहा डीजेची. माणसं कशावर उठतात आणि कशावर बसतात हे त्याला समोर दिसत असतं, त्यामुळे त्याचा वाटा सोडायलाच हवा.

यादी करताना तीन रकाने आखा. पहिल्यात हवीच अशी, दुसऱ्यात चालतील अशी, तिसऱ्यात अजिबात नकोत अशी गाणी लिहा. तिसरा रकाना सगळ्यात उपयोगाचा असतो. घरात नुकतंच दुःख झालं असेल, एखादं गाणं कोणाची जुनी आठवण उकरून काढत असेल, एखाद्या गाण्यातला शब्द एखाद्या जातीला किंवा गावाला लागत असेल, तर ते इथे न लाजता लिहा.

क्रम लावताना वडीलधाऱ्यांची गाणी आधी घ्या, कारण ते लवकर निघतात. नाचाची सुरुवात अवघड पावलांनी करू नका. कोळीगीताला हात हलवले, होडी वल्हवल्याचा आव आणला तरी नाच होतो. ‘मी डोलकर’सारखं गाणं ऐकत पिढ्या वाढल्या आहेत, त्यावर साठीची आत्याही सहज उठते. मग जाइव्ह येणाऱ्यांसाठी एक-दोन गाणी, मग हिंदी, मग तरुणांचं नवं. तीन-चार गाण्यांनंतर भाषा किंवा चाल बदलावी. दोन मिनिटांत जागा रिकामी झाली तर गाणं पुरं करण्याचा हट्ट नको. ‘झिंगाट’ २०१६ पासून जवळपास प्रत्येक मांडवात वाजतं आहे आणि अजूनही माणसं त्यावर उठतात. त्याला दमलेल्या क्षणासाठी राखून ठेवा, सुरुवातीलाच खर्च करू नका.

तुमची आवड फारच वेगळी असेल, समजा मेटल, कोरियन पॉप किंवा शास्त्रीय बंदिशी, तर प्रवेशाला, केक कापताना आणि पाहुणे गेल्यावरच्या मित्रमैत्रिणींच्या बैठकीत ती पुरवून घ्या. ज्यांना नाचायला आवडत नाही अशा जोडप्यांनी नाचलंच पाहिजे असं नाही. पहिल्या नाचाऐवजी एखाद्या गायकाकडून दोघांच्या आवडीचं गाणं ऐकावं, सगळे ऐकतील. पाहुण्यांनाही हात धरून ओढू नये.

शब्द ऐका

चाल गोड असली म्हणून गाणं लग्नाला चालतंच असं नाही. ‘चन्ना मेरेया’ २०१६ च्या सिनेमात, जिच्यावर प्रेम आहे तिचं लग्न दुसऱ्याशी होताना नायक गातो. व्हिटनी ह्यूस्टनमुळे जगभर पोचलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ डॉली पार्टनने निरोपाचं गाणं म्हणून लिहिलं होतं. पी. सावळाराम यांचं ‘गंगा-जमुना’ सासरी निघालेल्या मुलीसाठी आहे. पाठवणीला ते काळजाला भिडतं, पण रिसेप्शनच्या जेवणात वाजलं तर आईला घास उतरायचा नाही. प्रवेशाचं आणि पहिल्या नाचाचं गाणं ठरवण्याआधी त्याचे सगळे शब्द एकदा वाचून घ्या. नव्या कोळी-आगरी आणि हिंदी नाचगाण्यांतही काही द्वयर्थी असतात. घरातल्या बायकांना आणि मुलांना ऐकताना संकोच वाटेल असं गाणं तिसऱ्या रकान्यात टाका.

दोन घरं, दोन भाषा

वसईत मराठी बोलणारा कॅथलिक मुलगा आणि हिंदू वाडवळ मुलगी, किंवा सामवेदी मुलगी आणि गुजराती मुलगा अशी लग्नं होतात. तिथे गाणी मोजून निम्मी-निम्मी करण्यापेक्षा जोडी लावा. एक गरबा झाला की एक कोळीगीत, एक जाइव्ह झाला की एक लेझीमची चाल. सामवेदी किंवा वाडवळी बोलीतलं गाणं लावायचं असेल, तर सूत्रसंचालकाने आधी एका वाक्यात सांगावं की हे कोणत्या प्रसंगाचं गाणं आहे. लाल चौकड्यांच्या लुगड्यातल्या आज्या ब्रास बँडवर फेर धरतात तेव्हा परक्या पाहुण्यालाही त्यात जावंसं वाटतं, फक्त कोणीतरी त्याला बोलवायला हवं. दोन्हीकडची भक्तिगीतं मात्र विधीच्या वेळी ठेवा. जिथे नाच आणि पेय आहे तिथे ती लावू नयेत, त्याने दोन्ही घरांचा मान राहतो.

दोन्ही बाजूंनी एकेक ‘गाण्यांचा माणूस’ नेमा. नवऱ्याची चुलत बहीण, नवरीचा मामेभाऊ, कोणीही चालेल, पण दोन्ही घरांत शब्द चालणारा हवा. फर्माइशी त्यांच्याकडे जातील, डीजेशी तेच बोलतील. नवरा-नवरीने त्या संध्याकाळी डीजेकडे पाहायचंही नाही.

डीजे, बँड, गायक: काय लिहून घ्याल

सर्वांत आधी तारीख धरा. वसईत कॅथलिक लग्नं आगमनकाळ आणि उपवासकाळ टाळून होतात, म्हणून ती नाताळनंतर, आणि ईस्टरपासून पावसाळ्यापर्यंतच्या आठवड्यांत एकवटतात. हिंदू लग्नांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. या दिवसांत चांगला बँड आणि डीजे चार-सहा महिने आधी ठरवावा लागतो.

त्याचं काम प्रत्यक्ष एखाद्या लग्नात ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. मोबाइलवरच्या व्हिडिओत आवाजाचा अंदाज येत नाही. करारात पुढच्या गोष्टी असाव्यात: येण्याची आणि वाजवण्याची वेळ, स्पीकर आणि बेसचे खोके किती, आवाजाची कमाल मर्यादा, दोन चांगले माइक, प्रत्यक्ष वाजवणाऱ्याचं नाव, तो आजारी पडला तर पर्याय, परवानगी कोणाकडे, रद्द झाल्यास परतावा. किनाऱ्यावरच्या जागेत वीज गेल्यावर जनरेटर किती वेळात चालू होतो आणि ध्वनियंत्रणा त्याच्यावर चालते का, हे स्वतः पाहून घ्या. दमट हवेत वायरी उघड्या राहू नयेत. वादकांच्या आणि डीजेच्या जेवणाची सोय जेवणाच्या यादीतच धरा.

बजेट कमी असेल तर दोन दिव्यांच्या भिंती आणि धुराचं यंत्र कमी करा, माइक आणि स्पीकर चांगले घ्या. टोस्ट देणाऱ्या काकांचे शब्द शेवटच्या टेबलापर्यंत पोचणं महत्त्वाचं. अगदीच पैसे नसतील, तर नीट लावलेली यादी, भाड्याची छोटी ध्वनियंत्रणा आणि एक जबाबदार भाऊ एवढ्यावरही छान रिसेप्शन होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात डीजे, सूत्रसंचालक आणि दोन्ही गाण्यांच्या माणसांना एकत्र बसवून वेळापत्रक वाचून दाखवा. त्या बैठकीला घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीलाही बोलवा आणि त्यांचं एक गाणं यादीत घाला. शेजारच्या घरांना दोन दिवस आधी जाऊन कार्यक्रमाची वेळ सांगा, दहाला बंद करू असा शब्द द्या आणि तो पाळा. पाहुणे तुमच्या आनंदात सहभागी व्हायला आलेले असतात. त्यांचे कान, त्यांची भाषा आणि त्यांची परतीची गाडी यांची काळजी घ्या.